स्टिअरिंगचा दिवा

करीम मिस्त्रींकडे गाडी नेणाऱ्याला आधी त्यांच्या जिभेचा मार खावा लागे, मगच गाडीचं बॉनेट उघडलं जाई. शनिवार पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं. दाराशी पाटी: ‘आवाज येतोय एवढं सांगा. कशाचा येतोय ते आम्ही सांगू.’ पाटी वाचूनही माणसं अक्कल पाजळायची. “मिस्त्री, बहुतेक बेअरिंग गेलंय.” मग मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून विचारत, “असं? मग बदलूनच का नाही आणलंत?” गिऱ्हाईक ओशाळं होई, पण दुसरीकडे जात नसे. कारण हा माणूस चाळीस वर्षांत कुणाच्या गाडीविषयी खोटं बोलला नव्हता. न मोडलेलं मोडलं म्हणायचं नाही आणि मोडलेलं झाकायचं नाही, असा त्यांचा हेका होता. त्या हेक्यापायी त्यांनी चार पैसे कमी मिळवले असतील, पण झोप चांगली मिळवली होती.

एका सोमवारी सकाळी क्रेननं पुढची चाकं उचलून धरलेली एक छोटी पांढरी गाडी त्यांच्या दारात आणून सोडली. मागोमाग रिक्षातून एक गृहस्थ उतरले. पासष्टीच्या पुढचे, रुंद मनगटांचे, पांढरा शर्ट पँटमध्ये खोचलेला. गाडीवर कुठे ओरखडा नव्हता. चाकांना माती नव्हती.

“काय होतंय?” मिस्त्रींनी विचारलं.

“स्टिअरिंगचा दिवा लागला.”

“कधी?”

“तीन महिन्यांपूर्वी. ओढून घरी नेली, तेव्हापासून चालू केलेली नाही.”

असं गिऱ्हाईक म्हणजे मिस्त्रींना मेजवानीच. “दिवा लागला म्हणून तीन महिने गाडी झाकून ठेवलीत? घरातला बल्ब गेला की घर सोडता का हो आपण?”

गृहस्थ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी पँटच्या खिशातून किल्ली काढली आणि मिस्त्रींच्या हातात ठेवली. “मी बापूराव शिळीमकर. नारायण पेठेत राहतो. ही गाडी दुरुस्त करून नको आहे मला, आठ दिवसांनी ती विकायचीय. त्याआधी मला एवढंच सांगा, त्या दिवशी दिवा लागल्यावर ती चालली असती का?”

“त्या दिवशी म्हणजे?”

“माझी बायको मागच्या सीटवर होती,” बापूराव म्हणाले. “तिच्या छातीत दुखत होतं. आम्ही दवाखान्यात निघालो होतो.”

मिस्त्रींनी जीभ चावली. त्यांची मुलगी जिनत टेबलाशी बसून लॅपटॉपवर काहीतरी करत होती, तिनं उठून बापूरावांना स्टूल दिलं.

बापूरावांनी सांगितलं ते फार थोडक्यात सांगितलं, कारण तीन महिन्यांत ते त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यातलं जास्तीचं सगळं झडून गेलं होतं. दुपारची अडीचची वेळ. बायकोला, मुक्ताईंना, घाम फुटला, हात भरून आला. बापूरावांनी त्यांना गाडीत बसवलं आणि लक्ष्मी रोडला लागले. कर्वे रोडवरचा दवाखाना गाठायचा होता. अलका चौकाच्या अलीकडे गाडी हळू केली आणि समोरच्या काचेखाली नारिंगी दिवा लागला. त्याच क्षणी स्टिअरिंग हातात घट्ट झालं. बापूरावांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात घातली आणि रिक्षा शोधायला उतरले. अर्ध्या दुकानांची शटरं खाली होती. दोन रिक्षावाले नाही म्हणाले, तिसरा थांबलाच नाही. चौथा मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं मुक्ताईंच्या अंगावर चादर ओढली आणि म्हणाला, “काका, थोडं आधी आणायला हवं होतं.”

“त्यांना काय, बोलायची सवय असते,” मिस्त्री म्हणाले.

“मुलगा काही बोलत नाही,” बापूराव म्हणाले. “तेजस. हिंजवडीला असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यानंच ही गाडी घेऊन दिली. त्या दिवशी फोनवर त्यानं एकदाच विचारलं, ‘बाबा, पण तुम्ही का थांबलात?’ त्यानंतर तो विषयच काढत नाही. म्हणून मला माहीत पाहिजे. स्टिअरिंग गेलं असेल तर माझा इलाज नव्हता. आणि गेलं नसेल तर…”

आपण का थांबलो, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे होतं. बापूरावांनी चौतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर काढली होती. दोनशे टनांचा प्रेस, वरून ठोका खाली येतो आणि पत्र्याचा वाडगा होतो. तिथे एकच दिवा असे, आणि एकच नियम. दिवा लागला की हात बाहेर, मशीन बंद, किल्ली काढून स्वतःच्या खिशात. मेंटेनन्सवाला येऊन सही करेपर्यंत त्या मशीनला देवानंही हात लावायचा नाही. शेजारच्या प्रेसवरच्या सुखदेवनं एकदा, माल राहिलाय म्हणून, दिव्याकडे काणाडोळा केला. त्याची चार बोटं बापूरावांनी स्वतःच्या रुमालात गोळा केली होती. नव्वद सालानंतर कंपनीनं नवी मशिनं आणली, माणसं कमी केली, ज्यांना ठेवलं त्यात बापूराव होते, ते या नियमामुळेच. त्यांच्या प्रेसवर उभ्या आयुष्यात कुणाला खरचटलं नव्हतं.

“चार दिवस द्या,” मिस्त्री म्हणाले. “बघतो.”

चार दिवस कशाला, त्यांना अर्धा तास पुरला. तीन महिन्यांत बॅटरी उतरली होती, ती चार्जिंगला लावली, दुसरी बॅटरी जोडून गाडी चालू केली. जिनतनं बिघाड शोधणाऱ्या स्कॅनरची वायर गाडीला लावली. डिप्लोमा झाल्यावर हे यंत्र तिनं हट्टानं आणलं होतं आणि मिस्त्री त्याला ‘ज्योतिषी’ म्हणत. ज्योतिष्यानं सांगितलं की स्टिअरिंगच्या मोटरला वीज कमी पडली होती.

“कमी का पडली, ते सांगतं का तुझं यंत्र?”

“ते तुम्ही सांगा, अब्बा.”

मिस्त्रींनी फ्यूज पाहिला, शाबूत होता. स्टिअरिंगखालची जोडणी हलवून पाहिली, घट्ट होती. चार्जिंग मोजलं, ठीक होतं. मग बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी जाड काळी वायर हातात धरली आणि तिचा नट बोटानं फिरवला. तो बोटानं फिरला. खाली पांढरट हिरवी भुकटी साचली होती. एसी आणि हेडलाइट लावून त्यांनी स्टिअरिंग जागच्या जागी वळवलं, व्होल्टमीटरवरचा आकडा धाडकन खाली आला, नारिंगी दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झालं. जड, पण फिरलं. मिस्त्रींनी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. त्यांना बासष्ट वर्षं झाली होती आणि उजवा खांदा दुखरा होता, तरी फिरलं.

मग त्यांनी किल्ली बंद करून पुन्हा चालू केली. दिवा गेला. स्टिअरिंग लोण्यासारखं मऊ.

त्यांनी आणखी एकदा बंद-चालू करून पाहिलं, दिवा लागला नाही.

जिनतनं डाव्या बाजूचा कप्पा उघडला. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक आत होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेलं. इंग्रजीत. तिनं पान शोधलं आणि वाचून मराठीत सांगितलं. “लाल दिवा असेल तर ताबडतोब थांबा. नारिंगी असेल तर गाडी चालवता येईल, स्टिअरिंग जड लागेल, सवडीनं दाखवून घ्या.”

“सवडीनं,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पुस्तक पिशवीत घालून परत ठेवलं आणि दिवसभर दुसऱ्या गाडीखाली पडून राहिले. त्यांची बायको जरीना पाच वर्षांपूर्वी झोपेतच गेली होती. कुणाची चूक नव्हती, कुठला दिवा लागला नव्हता, डॉक्टरांनीही काही ठपका ठेवला नाही. तरी अजून कधी कधी पहाटे त्यांना वाटे, आदल्या रात्री ती पाणी मागत होती, तेव्हा आपण उठून नीट बघितलं असतं तर? एवढ्याशा गोष्टीनं माणूस आतून पोखरतो. मग या माणसाला हे असं उत्तर कसं द्यायचं? किल्ली खिशात घालण्याऐवजी नुसती एकदा फिरवली असती तरी तुमची बायको वेळेवर पोचली असती, हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल तो माणूस कसला?

बुधवारी त्यांनी भंगाराच्या पिंपात हात घातला आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा एक मोडलेला जॉइंट बाहेर काढला. कुठल्या तरी टॅक्सीचा होता. डिझेलमध्ये बुडवून ब्रशनं घासला, पुसला.

“अब्बा, हे काय?”

“हे त्यांच्या गाडीतून निघालं.”

जिनतनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “तुम्ही आजवर कुणाला फसवलं नाहीत.”

“कुणाला वाचवायचीही वेळ आली नव्हती,” मिस्त्री म्हणाले आणि घासत राहिले.

शुक्रवारी दुपारी दोनला बापूराव आले. मिस्त्रींनी सगळं पाठ केलं होतं. जॉइंट त्यांच्या हातात दिला आणि एका दमात सांगितलं, “हा मोडला होता. याच्यातून स्टिअरिंगचा दांडा चाकांकडे जातो. तुम्ही थांबलात म्हणून बरं. आणखी थोडं पुढे गेला असतात तर चाकं वळलीच नसती. पुलावर जाऊन आपटला असता. तुमच्या जागी मी असतो तरी थांबलो असतो.”

बापूरावांनी तो तुकडा घेतला. चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं, ते मिस्त्रींनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, जमलं. मग बापूरावांचा अंगठा आपोआप मोडलेल्या कडेवरून फिरला. तो अंगठा चौतीस वर्षं साच्यांच्या कडा तपासत आला होता, त्याला सांगावं लागत नव्हतं. तो एकदा फिरला, पुन्हा फिरला. बापूरावांनी तुकडा उजेडात नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरला.

“मिस्त्री,” ते हळूच म्हणाले, “हा माझ्या गाडीचा नाही.”

“असं कसं? मी स्वतः…”

“मोडलेली जागा आतपर्यंत काळी पडलीय. हे मोडून वर्षं झाली. आणि हे दात बघा, झिजून गोल झालेत. याच्यावर दोन लाख किलोमीटर तरी गेले असतील. माझी गाडी एकोणीस हजार चाललीय.” त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला, अगदी आवाज न करता. “तुम्ही चांगल्या मनानं केलंत. पण तुम्हाला हे करावं लागलं, याचा अर्थ ती चालली असती.”

करीम मिस्त्रींची जीभ सगळ्या पेठेत प्रसिद्ध होती. ती त्या क्षणी उचललीच जाईना. खोटं बोलल्याची शरम होतीच, पण ते धड बोलता आलं नाही याची शरम जास्त होती.

“चालली असती,” शेवटी ते म्हणाले. “एक वायर सैल होती. स्टिअरिंग जड झालं असतं, एवढंच.”

“किती जड?”

“जड म्हणजे… जुन्या गाड्यांची असतात तसं.”

“मला हातानं बघायचंय,” बापूराव म्हणाले. “त्या दिवशी होतं तसं करून द्या. मी तिथून दवाखान्यापर्यंत नेतो.”

“कशाला, साहेब? त्यानं काय होणार आहे?”

“ते मला माहीत नाही. पण मी इतके दिवस डोक्यात नेतोय, रोज नेतोय. कधी पाच मिनिटांत पोचतो, कधी पुलावर अडकतो, कधी स्टिअरिंग सुटतं. एकदा काय ते खरं बघू द्या.”

जिनतनं बापाकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनी वायर साफ करून आवळली होती, ती तशीच राहू दिली आणि स्टिअरिंगच्या मोटरचा फ्यूज काढून खिशात टाकला. मोटर बंद, दिवा चालू. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली असती तर त्या दिवशी दिवा विझला असता, ही गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. ती त्यांनी पोटात ठेवली आणि जिनतलाही डोळ्यांनीच बजावलं. सगळं खरं एकदम एका माणसाच्या डोक्यावर घालायला ते काही न्यायाधीश नव्हते.

लक्ष्मी रोडपर्यंत मिस्त्रींनी गाडी नेली. अलका चौकाच्या अलीकडे एका बंद कापडदुकानासमोर बापूराव म्हणाले, “इथे.” दोघांनी जागा बदलल्या. बापूरावांनी आरसा सारखा केला. आरशात मागची सीट दिसत होती, तिच्यावर कुणी नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, पावणेतीन वाजत आले होते. किल्ली फिरवली. नारिंगी दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

बापूरावांचे हात स्टिअरिंगवरून आपोआप उचलले गेले. मिस्त्रींनी ते पाहिलं. चौतीस वर्षांची सवय होती ती, तिच्यात भीती नव्हती, विचारही नव्हता. बापूरावांनी स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते, आणि जोर लावून पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले.

“घ्या,” मिस्त्री म्हणाले. “आधी थोडी हलू द्या, मग वळवा. हलत्या गाडीत कमी जड लागतं.”

गाडी निघाली. चौकात उजवीकडे वळताना बापूरावांच्या मनगटांच्या शिरा वर आल्या, दातावर दात बसले. स्टिअरिंग फिरलं. जड होतं, पोतं ओढल्यासारखं होतं, पण फिरलं. गाडी लकडी पुलावर आली आणि सरळ रस्त्याला ते जडपण जवळजवळ राहिलंच नाही. एक बस आडवी आली, त्यांनी ब्रेक दाबला, वाट दिली. डेक्कनला सिग्नल लागला, ते थांबले. सिग्नलचे आकडे उलटे मोजले जात होते आणि बापूराव ओठ हलवत त्यांच्याबरोबर मोजत होते. कर्वे रोडला वळताना पुन्हा दोन्ही हातांनी जोर. मिस्त्री बाजूला अंग चोरून बसले होते. काही बोलावं, थांबा म्हणावं, असं त्यांना दोनदा वाटलं. पण हा माणूस आज कुणासाठी गाडी चालवत होता ते त्यांना कळत होतं, आणि अशा वेळी तिसऱ्यानं बोलायचं नसतं.

दवाखान्याच्या फाटकातून गाडी आत शिरली. अपघात विभागाच्या पायऱ्यांपाशी, अगदी दाराला लागून, बापूरावांनी ती उभी केली. घड्याळ पाहिलं.

“नऊ मिनिटं,” ते म्हणाले. “सिग्नल धरून.”

गाडी दाराशी लागलेली बघून आतला वॉर्डबॉय चाकांची खुर्ची ढकलत धावत आला. त्यानं मागचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं, मग पुढे येऊन काचेतून विचारलं, “पेशंट कुठंय, काका?”

बापूराव त्याच्याकडे बघत राहिले. मग साक्ष द्यावी तसे स्पष्ट शब्दांत म्हणाले, “आणता आली असती. नऊ मिनिटांत आणता आली असती.” आणि तीन महिन्यांत बायकोच्या दहाव्याला, तेराव्याला, मुलासमोर, कुणासमोरच न रडलेला तो माणूस कपाळ स्टिअरिंगला टेकवून रडला. मोठ्यानं, लहान मुलासारखा, आजूबाजूला कोण आहे याची पर्वा न करता. वॉर्डबॉय खुर्ची धरून तसाच उभा राहिला. मिस्त्रींच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

थोड्या वेळानं, यांना नीट रडू द्यावं म्हणून, मिस्त्रींनी इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेला. बापूरावांनी डोकं न उचलता त्यांचं मनगट धरलं.

“बंद करू नका,” ते म्हणाले. “चालू राहू दे.”